सातवी फेरी

खरं सांगायचं तर आम्ही शाणूसाठी गेलोच नव्हतो.
आम्ही गेलो होतो आग्नेल कुलासोला बघायला,
वास्कोचा आग्नेल, एकशे आठ किलो,
सहा वर्षं ज्याच्या समोर कोणी
पाचव्या फेरीची घंटा ऐकली नव्हती.
शाणू कुंडईकर आमच्या फेरीबोटीवरचा खलाशी.
ब्याण्णव किलो, तेही जेवून उठल्यावर.
कोणा पुणेकराचा खांदा निखळला
म्हणून पोस्टरवर त्याच्या नावाची पट्टी चिकटवलेली,
तिरकी. खालून जुनं नाव दिसत होतं.

दिवाडीहून अकराजण, दोन गाड्यांतून म्हापशाला.
मी पाचशे लावले होते आग्नेलवर,
ब्रागांझाने हजार,
शाणूच्या सख्ख्या मेव्हण्याने दोन हजार.
"घरचा म्हणून काय पैसे बुडवायचे?" तो म्हणाला,
आणि गिरीच्या तिठ्यापर्यंत आम्ही हसत होतो.

पहिल्या फेरीत शाणू खाली.
दुसरीत पुन्हा.
"पुरे कर रे, उद्या सकाळची पाळी आहे तुझी!"
कोणीतरी ओरडलं. हॉल हसला.
कोणीतरी म्हणजे मी.

तिसरीत त्याची भुवई फुटली.
चौथीत आग्नेल तोंडाने श्वास घेऊ लागला,
पण ते दिसलं एकट्या मारियानबायला,
जी कल्ला उघडून बघितल्याशिवाय
सख्ख्या भावाकडूनही मासा घेत नाही.
"ह्याचे कल्ले फिके पडले," ती म्हणाली
आणि पिशवीतले चणे खात राहिली.

पाचवीची घंटा झाली.
नदीच्या मधोमध इंजिन बंद पडावं
तशी शांतता.
सहावी.

सातवीत शाणूने डावा खांदा मागे घेतला,
आणि तो खांदा माझ्या ओळखीचा निघाला.
धक्का दहा हात लांब असताना
ओल्या दोराचा फास खुंटावर टाकतो ना, तसाच,
न बघता, बोट हलत असताना,
कधी चुकला नाही.
एकोणीस वर्षं मी तो खांदा बघत आलो
आणि पेपर वाचत आलो.

आग्नेल पडला नाही लगेच.
आधी बसला, मग आडवा झाला,
जसा मोठा माणूस खाटेवर होतो.
पंच सहावर पोचला तरी कोणी ओरडेना.
दहा झाल्यावर छप्पर उडालं.

ब्रागांझाने ज्याला मिठी मारली तो वास्कोचा,
आणि दोघेही रडत होते, वेगवेगळ्या कारणांसाठी.
मेव्हणा खुर्चीवर चढून ओरडला, "आमचा! घरचा!"
खुर्ची मोडली.
मी काय ओरडत होतो मला आठवत नाही,
घसा दोन दिवस बसला होता एवढं खरं.
पाचशे गेले आणि मला
बापाचं हरवलेलं घड्याळ सापडल्यासारखं वाटत होतं.
स्टुलावर आग्नेल आपल्या ग्लोव्हजकडे बघत होता,
देवळाबाहेर चपला बदलल्या गेल्यावर
माणूस उरलेल्या जोडाकडे बघतो तसा.
त्याच्या खांद्यावर टॉवेल ठेवायला
कोणीच पुढे आलं नाही. शेवटी शाणू गेला.

सकाळी पावणेसातची बोट गच्च.
ज्यांना पणजीत काही काम नाही तेही आलेले.
एकाने हार आणला होता, तो पाठीमागे धरून उभा.
शाणू आला. भुवईवर चार टाके,
अंगात तोच निळा, बगलेत उसवलेला शर्ट.
"मोटारसायकली डावीकडे," म्हणाला. "हँडल लॉक करू नका."
हार पाठीमागेच राहिला.

मी मनातल्या मनात मोजत होतो:
हा तीर, तो तीर, दिवसाला चाळीस फेऱ्या.
आठ फेऱ्यांत हा माणूस दमेल
हे आम्हाला सांगितलं कोणी?

समोरचा धक्का जवळ आला.
दोर खांद्यावर घेऊन तो माझ्याशेजारी थांबला,
नदीकडेच बघत म्हणाला,
"दुसऱ्या फेरीत ओरडला तो तुमचा आवाज ना?"

"हो," मी म्हटलं. बसलेल्या घशाने.

"वाटलंच," तो म्हणाला.
"मागे सरा. फळी पडतेय."